जोडीदारणीचं ओझं

बेबाबाईला कुणी विचारलं असतं की देवाशी तुझं कसं काय चाललंय, तर ती म्हणाली असती, देवाशी माझं भांडण नाही, भांडण आहे ते मोहिनीशी. आणि मोहिनीला बिचारीला या भांडणाचा पत्ताही नव्हता. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. बेबाबाई ती चांगली वर्षभर वाजवत होती.

पिंप्राळ्यात तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा गेल्यापासून ती घरीच केळीचे वेफर्स तळायची, आणि मंगळवारी दुपारी कढई उतरवून चर्चच्या महिला संघाला जायची. या संघात एक जुनी रीत होती, जोडीची. दोन बायकांची जोडी लावायची. आपलं ओझं आपण देवाला सांगायचं नाही, ते जोडीदारणीला सांगायचं. मग रोज सकाळी हिने तिच्यासाठी गुडघे टेकायचे, तिने हिच्यासाठी. मागणं पुरं झालं की भर उपासनेत उभं राहून देवाने काय दिलं त्याची साक्षही जिने प्रार्थना केली तिनेच द्यायची, जिला मिळालं तिने नाही. आणि दोघींचं ओझं उतरेपर्यंत जोडी फोडायची नाही. माणसाने स्वतःपुरतं मागू नये म्हणून कुण्या जुन्या पाळकीणबाईंनी ही रीत घातली होती. विचार चांगलाच होता, पण त्या बाईंना बेबाबाई भेटली नव्हती.

बेबाबाईचं ओझं एकच. तिची मुलगी ज्योती. ज्योती धुळ्याला एका दवाखान्यात नर्स, लग्न करून तिथेच देवपुरात राहिलेली. बाप अचानक गेला तेव्हा ती ड्युटीवर होती, निरोप मिळून निघेपर्यंत उशीर झाला, आणि ती पोहोचली ती थेट कब्रस्तानात. तिथे चार माणसांत बेबाबाई बोलून गेली, "आता कशाला आलीस? परक्यांची सेवा करता करता बापाला गिळलंस." ज्योतीने माती टाकली, उलटी फिरली आणि धुळ्याची गाडी पकडली. ती नंतर आलीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही तिने सासरी उरकलं. नात झाल्याचं बेबाबाईला चर्चमध्ये दुसऱ्या कुणाकडून कळलं आणि तिला ते ऐकून हसावं लागलं, जणू आधीच ठाऊक होतं.

तिने मोहिनीला सांगितलं होतं, "ज्योतीचं मन मऊ व्हावं, एवढंच माग माझ्यासाठी." कुणाचं मन मऊ व्हायला हवं होतं ते तुमच्या-आमच्या लक्षात आलं असेल. तिच्या आलं नव्हतं.

मोहिनी शाळेत शिक्षिका, वयाने बेबाबाईच्या लेकीसारखी. माहेर धुळ्याचं. तिची ओझी मात्र केळीच्या घडासारखी, एकाखाली एक लागलेली. नवऱ्याची, हितेंद्रची, चोपड्याहून बदली व्हावी. बेबाबाईने गुडघे टेकले, बदली झाली. भाड्याच्या घरातून सुटका व्हावी. बेबाबाईने पुन्हा टेकले, ब्लॉक झाला. दोन्ही वेळा बेबाबाई उपासनेत उभी राहिली आणि दुसऱ्याच्या सुखाची साक्ष देऊन खाली बसली. लोक म्हणायचे, बेबाबाईची प्रार्थना म्हणजे बाण. पहिल्यांदा तिला ते ऐकून बरं वाटलं. दुसऱ्यांदा ते टोचलं.

कारण हिशेब सरळ होता. हिच्या प्रार्थनेने मोहिनीचं भरत चाललं होतं आणि मोहिनीच्या प्रार्थनेने हिचं रिकामंच होतं. याचा अर्थ एकच, ती बाई आपल्यासाठी गुडघे टेकतच नसणार. सकाळी उठून शाळेचा डबा करत असेल, मग हितेंद्रच्या गाडीवर मागे बसून भुर्रर. दर महिन्याला माहेरी धुळ्याला जायला वेळ आहे, आपल्या ज्योतीसाठी पाच मिनिटं नसतील. पाळकसाहेब प्रवचनात सांगायचे की माणसाच्या आयुष्याचे ऋतू पालटतात, देवाचा विश्वासूपणा पालटत नाही. बेबाबाई मनात म्हणायची, पालटू दे ना मग. माझा एकट्या बाईचा उन्हाळाच कसा संपत नाही? आणि पुढच्या बाकावर मोहिनी नवी साडी नेसून माना डोलावत असायची.

मोहिनीचं तिसरं ओझं मुलाचं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते. तिने ते सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला की बेबाबाईलाही गलबललं. काही दिवस तिने मनापासून मागितलं. मग वैशाखातल्या एका सकाळी, कढईपुढे घामाने थबथबलेली असताना, तिला वाटलं की बस झालं. हिला सगळंच मिळायचं आणि मी फक्त मागत राहायचं? माझं नातवंड मला मांडीवर घ्यायला मिळत नाही आणि हिच्या मांडीसाठी मी देवाचे पाय धरू?

दुसऱ्या दिवसापासून तिने मोहिनीचं नाव घेणं सोडलं. गुडघे टेकायची, पण रीत मोडून चोरून स्वतःचंच ओझं सांगायची. मंगळवारी मोहिनी विचारायची, "काकू, चालू आहे ना?" आणि ही म्हणायची, "चालू म्हणजे? रोज." खोटं बोलताना तिची जीभ अडखळली नाही. वर मनात म्हणाली, तूही असंच बोलत असशील.

दिवाळी झाली आणि मोहिनीला दिवस राहिले.

बेबाबाईने ती बातमी संघात सगळ्यांसमोर ऐकली. बायका टाळ्या वाजवून तिच्याकडेच वळल्या. "बेबाबाई, तुमचा बाण." मोहिनी तर उठून तिच्या पायाशी बसली, तिचा हात धरून रडली. बेबाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि तिच्या अंगाची लाही होत होती. आजवर मोहिनीच्या सुखात निदान देणारीचा मान तरी तिचा होता. आता तोही गेला. तिने मागणं थांबवलं होतं, तरी देवाने दिलं होतं, तिला न विचारता, तिच्या डोक्यावरून हात लांबवून. मग इतके दिवस मी कोण होते, हा प्रश्न तिला रात्रभर चावत राहिला.

सातवा लागला तसं संघाने ठरवलं की येत्या उपकारस्तुतीच्या रविवारी बेबाबाईने साक्ष द्यायची. शुक्रवारी मोहिनीकडे डोहाळजेवण होतं. नव्या ब्लॉकमध्ये, नव्या सोफ्यावर, हिरव्या साडीत मोहिनी बसलेली. बेबाबाई वेफर्सचा डबा घेऊन गेली होती, कारण रिकाम्या हाताने गेलं तर लोक काय म्हणतील. मोहिनीने शाळेतल्या बायकांनी केलेल्या कौतुकाचे फोटो दाखवायला फोन तिच्या हातात दिला. एक, दोन, तीन फोटो पुढे सरकवले, आणि चौथ्यात मोहिनीच्या मांडीवर एक पोर बसलेली होती. दोन शेंड्या, फुगरे गाल, आणि कपाळ थेट बेबाबाईच्या नवऱ्याचं. मागे दारात ज्योती उभी राहून हसत होती.

बेबाबाईने फोन परत दिला. जेवली, मोहिनीची ओटी भरली, गाणंही म्हटलं.

घरी आल्यावर मात्र ती भिंतीशी बसली आणि तिला वाटलं की आता आपण फुटू. नवऱ्याची बदली घे, ब्लॉक घे, मूल घे, पण आता माझी लेकही? माझ्या नातीला मांडीवर घेऊन फोटो काढतेस, आणि मंगळवारी माझ्याजवळ बसून डोळे मिटतेस? तिला इतका मत्सर वाटला की त्याची तिला स्वतःलाच भीती वाटली. प्रार्थनेचं तर नावच नको होतं. सकाळी तिने कढई पेटवली नाही. साडी बदलली आणि धुळ्याची एसटी पकडली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. ती बोलायची वाक्यं जुळवत होती. माझी लेक असून परक्या बाईशी बोलतेस आणि आईशी नाही, हे पहिलं. ती बाई तुला माझ्याविरुद्ध काय शिकवते, हे दुसरं. माफीचं वाक्य त्यात कुठेच नव्हतं. माफी मागायला ती निघालीच नव्हती. आपलं माणूस दुसरीच्या हातातून हिसकायला निघाली होती.

देवपुरात विचारत विचारत घर सापडलं. दार ज्योतीनेच उघडलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल, ड्युटीवरून येऊन नुकतीच न्हालेली असावी. आईशी ज्योती लहानपणापासून घरच्या बोलीतच बोलायची, तीच तोंडात आली.

"माय, तू?"

"का वं, येवानं नही का मी?"

ज्योती बाजूला झाली. बेबाबाई आत आली, पण बसली नाही. खोलीत पोर खेळत होती, फोटोतली. तिने या म्हातारीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या भांड्याकुंड्यांत रमली. बेबाबाईच्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर नव्हतं. तिने कसंबसं विचारलं, "मोहिनी आठे येस का?"

"येस. दर महिनाले येस."

"काय बोलस ती तुनासंगे?"

ज्योतीने टॉवेल दोरीवर टाकला. मग ती सावकाश बोलली, आता शहरात राहून सवयीच्या झालेल्या भाषेत. "पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दारातूनच परत फिरवलं होतं त्यांना. तू पाठवलंस असं वाटलं. तरी पुढच्या महिन्यात आल्या. मी म्हटलं, मला आईला माफ कर असलं काही सांगू नका. त्या म्हणाल्या, नाही सांगणार. मग बसायच्या, हिच्याशी खेळायच्या, चहा प्यायच्या. जाताना एवढंच म्हणायच्या की काकू येतील. मी म्हणायचे, तुम्हाला माझी आई माहीत नाही, ती मरेल पण येणार नाही."

"माले काब्रं नही सांगं तिनी?"

"मीच शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून." ज्योतीने पोरीच्या हातून घरंगळलेलं भांडं उचललं. "मागच्या खेपेला रडत होत्या. म्हणाल्या, तुझी आई रोज माझ्यासाठी गुडघे टेकते, म्हणून माझी कूस उजवली, आणि मी मात्र तिच्यासाठी काहीच करू शकले नाही."

बेबाबाईने भिंतीला हात लावला. मग ती खाली बसली, फरशीवरच. आपण ज्या बाईचं नावही देवापुढे घेणं टाकलं होतं, ती पोटात पोर घेऊन एसटीचे धक्के खात इथे यायची. आणि जाताना एकच वाक्य बोलायची, जे बेबाबाईला चार वर्षांत स्वतःबद्दल एकदाही सुचलं नव्हतं.

"मंग आज कशी काय उनी तू?" ज्योतीने विचारलं. आवाज कडक होता, पण भाषा पुन्हा घरची झाली होती.

"जयीसन उनू," बेबाबाई म्हणाली. जळून आले. "फोटो पाह्यना तिना फोनमा. मनी नात तिनी मांडीवर. माले सहन नही व्हयनं. देवानं नही धाडं, मत्सरनं धाडं."

ज्योती हसली नाही. पण तिचा चेहरा हलला.

"आणखी एक शे," बेबाबाई म्हणाली. तिला आता थांबता येत नव्हतं. "तुना बापले तू नही मारं. त्याले डॉक्टर लोकबी वाचाडू शकनात नहीत. मी ते तव्हयच जानत व्हतू. मनं मन जयत व्हतं, म्हनीसन तुनावर टाकं. मनं तोंड सडेल शे, ज्योती."

मग ज्योती आईसमोर फरशीवर बसली आणि लहानपणी बसायची तशी तिच्या पदराला हात पुसू लागली, ओले नसताना. "इतकं बोलाले चार वरीस लागनात तुले," ती म्हणाली, आणि तिथे तिचा आवाज फुटला.

रविवारी उपकारस्तुतीला बेबाबाईचं नाव पुकारलं. ज्योती पोरीला घेऊन मागच्या बाकावर बसली होती. बायका वळून वळून बघत होत्या. मोहिनीने तिला पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती डोळ्यांना रुमाल लावून होती.

बेबाबाई उभी राहिली. "मोहिनीच्या मुलासाठी मी साक्ष द्यायची आहे," ती म्हणाली. "पण मी गेल्या वैशाखापासून तिच्यासाठी प्रार्थना केलीच नाही. जळत होते तिच्यावर. देवाने माझ्याशिवायच तिला दिलं. आणि मला जे मिळालंय, त्याची साक्ष रीतीप्रमाणे मोहिनीने द्यायची आहे. मी बसते."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मोहिनी उठायला गेली, पण पोटामुळे तिला पटकन उठता येईना, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून ज्योतीची पोर सुटली. दोन शेंड्या उडवत ती बाकांमधल्या वाटेने धावत पुढे आली. बेबाबाईने हात पुढे केले.

पोर तिच्या हातांजवळून तशीच पुढे गेली आणि मोहिनीच्या कुशीत शिरली. "मोहिनीमावशी," ती सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

बेबाबाईच्या काळजात कळ उठली. तीच, ओळखीची, काल-परवाचीच. ती कुठेही गेली नव्हती. बेबाबाईने पुढे केलेले हात मागे घेतले, जोडले, आणि डोळे मिटून कितीतरी महिन्यांनी मोहिनीचं नाव घेतलं.