उजवीकडची जागा

मोरोपंत वकिलांनी तीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात लोकांना कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं हे शिकवलं होतं. पण एकोणसाठ सालच्या फेब्रुवारीत, अकोल्याच्या वाटेवर, त्यांच्याच तोंडून एक शब्द भलत्या वेळी निघाला आणि दोन जीव जाता जाता वाचले. एक त्यांचा आणि एक त्यांच्या मुलीचा.

मुलगी चारुशीला बाळंतपणाची डॉक्टर. तीन वर्षं हॅम्बुर्गच्या इस्पितळात नोकरी करून ती परतली, तेव्हा तिकडे वापरलेली छोटी मोटार बोटीतून सोबत घेऊन आली. कासवासारख्या पाठीची, इंजिन मागे आणि स्टिअरिंग डावीकडे. खेड्यापाड्यांत अडलेल्या बायांपर्यंत वेळेवर पोचायचं तर एसटीच्या भरवशावर राहून भागणार नाही, असं तिचं म्हणणं. गोदीतून गाडी सोडवण्यातच तीन महिने गेले. शेवटी मुंबईहून महिनाभराचा तात्पुरता नंबर मिळाला, आणि अकोल्याच्या मोटार निरीक्षकांनी तपासणीची तारीख दिली ती नेमकी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. आज पाचच्या आत गाडी पास झाली नाही, तर उद्यापासून ती रस्त्यावर आणणं गुन्हा होता.

डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला कायद्याची एक जादा अट होती. चालवणाऱ्याचा हात उजव्या खिडकीबाहेर निघत नाही, म्हणून इशारा देणारं यंत्र चालू स्थितीत हवं. या गाडीत ते होतं. खटका दाबला की दारामागच्या खाचेतून वीतभर लांबीचा नारिंगी दांडा टपकन बाहेर यायचा.

अडचण निराळीच होती. पुढच्या गाडीला उजवीकडून मागं टाकायचं, आणि चारुशीला बसलेली डावीकडे. तिला पलीकडचा रस्ता दिसायचाच नाही. म्हणून उजवीकडच्या जागेवर मोरोपंत. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहायचं आणि रस्ता मोकळा असला की म्हणायचं, "घे."

बडनेऱ्यापासून मूर्तिजापुरापर्यंत हे छान जमलं. मोरोपंतांनी या गाडीला घरात सगळ्यांत जास्त विरोध केला होता. पण दोन ट्रक आणि एक एसटी मागं टाकल्यावर ते टोपी मांडीवर ठेवून, पांढरे केस वाऱ्यावर सोडून बसले. आपल्या एका शब्दावर गाडी पुढे जाते, याची त्यांना मजा वाटू लागली होती.

मूर्तिजापूर सुटलं आणि कापसाच्या गाड्यांची रांग लागली. सात-आठ बैलगाड्या, दोन्ही अंगांनी फुगलेल्या, अर्धा रस्ता अडवून चाललेल्या. धुळीचा नुसता लोट. मोरोपंतांनी डोकं बाहेर काढलं. धुळीपलीकडे रस्ता रिकामाच वाटला.

"घे," ते म्हणाले.

चारुशीलेनं दांडा बाहेर काढला आणि गाडी उजवीकडे घातली. दोन बैलगाड्या मागं पडल्या असतील नसतील, तोच धुळीतून ट्रकचं तोंड निघालं.

"नाना, आत व्हा."

ती ओरडली नाही. एका हातानं तिनं त्यांच्या कोटाची कॉलर धरून आत ओढलं, दुसऱ्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि दोन बैलगाड्यांच्या मधल्या फटीत मोटार घुसवली. ट्रक भोंगा वाजवत अगदी अंगावरून गेला. कट्‌कन काहीतरी मोडलं. मागचे बैल बुजून उभे राहिले.

मागच्या गाडीवरचा माणूस उतरून आला. "लागलं त नाई ना बाई कोनाले?" खिडकीबाहेर निघालेलं डोकं त्यानं पाहिलं होतं. तो मोरोपंतांकडे वळला. "दिसत नोयतं त काहून सांगतलं जी तुमी?"

मोरोपंत दार उघडून खाली उतरले. इशाऱ्याचा दांडा मुळापासून तुटून तारेला लोंबत होता.

चारुशीलेनं इंजिन बंद केलं. ती म्हणाली, "तुमचं डोकं बाहेर होतं, नाना."

"मी मूर्तिजापूरला परत जाऊन आगगाडीनं येतो," मोरोपंत म्हणाले.

"बसा."

तिथून अकोल्यापर्यंत तिनं कोणालाही मागं टाकलं नाही. पोचायला दोन वाजले.

कापूस बाजारामागे पुंजाजी मिस्त्रीचं दुकान होतं. त्यानं दांडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "जर्मनीचा माल इथं कुठून भेटन, बाई? यंत्र साबूत हाये. हे बाहेर येते ते पान तेवढं बिस्किटाच्या डब्याचं कापून देतो." त्यानं पत्रा कापला, ठोकला, जोडला, वर शेंदरी रंग मारला. मोरोपंत बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. पावणेचार वाजता दांडा टपकन बाहेर आला आणि आत गेला.

निरीक्षक भगवंतराव उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी इंजिनचा नंबर कागदाशी ताडला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. मग दांड्याला बोट लावलं. बोट शेंदरी झालं.

"हा मूळचा नाही."

"मूळचा रस्त्यात तुटला," चारुशीला म्हणाली.

"कसा?"

मोरोपंतांच्या मनात उत्तर तयार होतं: ट्रकचा धक्का लागला. वाक्य खरं होतं आणि पुरेसं होतं. अशिलाला त्यांनी याहून एक अक्षर जास्त बोलू दिलं नसतं.

"माझ्यामुळे तुटला," ते म्हणाले. "तिला पलीकडचं दिसत नाही. मी पाहून सांगतो. आज मी धुळीत नीट न पाहता सांगितलं. समोरून ट्रक आला. तिनं सावरलं म्हणून आम्ही इथवर आलो."

चारुशीला त्यांच्याकडे बघतच राहिली. भगवंतरावांनी बोट रुमालाला पुसलं.

"म्हणजे ही गाडी तुमच्या डोळ्यांवर चालते, वकीलसाहेब."

"आज तशीच चालली."

"मग आता तुम्ही मागे बसा. आणि मी सांगेपर्यंत बोलायचं नाही."

पुढची जागा वाकवून, धोतर सावरत मोरोपंत मागे शिरले. भगवंतराव उजवीकडे बसले आणि मांडीवर कागद पसरून त्यांतच बघू लागले. गावाबाहेर पाच मैल जाऊन परत यायचं होतं. जाताना सगळं ठीक झालं. परतताना पुन्हा पुढे कापसाच्या गाड्या लागल्या. साडेचार वाजले होते.

भगवंतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "कचेरी पाचला बंद होते, बाई."

चारुशीलेनं दांडा काढला, गाडी थोडी उजवीकडे घेतली, मान ताणून पाहिलं आणि परत जागेवर आली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मागच्या जागेवरून मोरोपंतांना भगवंतरावांच्या खांद्यापलीकडे रस्ता दिसत होता. तो मोकळा होता. पार लिंबाच्या झाडापर्यंत मोकळा. शब्द ओठांवर आला. एका शब्दानं काम झालं असतं. मग त्यांच्या मनात आलं, सकाळीही मोकळाच दिसला होता. त्यांनी पुढच्या जागेची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

बैलांच्या चालीनं मोटार चालत राहिली. मैलभरानं बैलगाड्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या रस्त्याला वळल्या, तेव्हा पाच वाजायला तीन मिनिटं होती. मोटार कचेरीच्या आवारात शिरली, तेव्हा शिपाई कुलूप लावत होता.

"रस्ता मोकळा होता," भगवंतराव म्हणाले. "मी पाहत होतो."

"मला दिसत नव्हता," चारुशीला म्हणाली.

त्यांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून सही केली, खाली आजची तारीख घातली. "कारकून गेला. गाडी रात्री इथंच राहू द्या. सकाळी उजव्या बाजूला बाहेरून आरसा बसवून घ्या आणि नंबर घेऊन जा."

चारुशीलेनं कागद दोनदा वाचला. मग ती मोटारीच्या पायरीवर मटकन बसली. सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं, हे मोरोपंतांच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी नंबर घेऊन निघताना ते पुढची जागा वाकवून मागेच शिरू लागले.

"पुढे बसा, नाना. आरशात मागचं दिसतं, पुढचं नाही."

बोरगावच्या अलीकडे पुढे एक छकडा लागला. मोरोपंतांनी चष्मा पुसला, पण डोकं बाहेर काढलं नाही, नुसतं काचेशी नेलं.

"सायकल येते आहे," ते म्हणाले. "गेली. तिच्यामागे टांगा आहे. तोही गेला. आता पुलापर्यंत काही नाही. पुलापलीकडचं मला दिसत नाही."

ते तिथंच थांबले. पूल ओलांडेपर्यंत चारुशीला छकड्याच्या मागे राहिली.

"आता?"

"आता वळणापर्यंत सगळा रस्ता दिसतो. रिकामा आहे."

तिनं दांडा काढला, स्वतः एकदा पाहिलं आणि छकड्याला मागं टाकलं.

बडनेऱ्याला चहासाठी उतरले. मोरोपंतांची मान आखडली होती. चारुशीलेनं कप खाली ठेवला. "उद्या चांदूरला एक बाई पाहायची आहे. सहाला निघायचं. याल?"

"साडेपाचला उठव," मोरोपंत म्हणाले.