तिरकं बसलेलं झाकण

अहो, कपाटात काय शोधताय? इकडे बघा, गॅसवर! एका बाजूने वाफ सोडत, डोक्यावर निळी मूठ मिरवत बसलाय ना, तोच मी. मी झाकण बोलतोय. आत ओट्स शिजतायत, मला दोन घटका मोकळीक आहे, तेवढ्यात सगळं सांगून टाकतो.

आधीच सांगतो, मी बडबड्या आहे. झाकणाचं काम झाकून ठेवायचं, पण मला ते जन्मात जमलं नाही. खाली उकळी फुटली की माझं तोंड सुरू. खडखड, खडखड! आजोबा म्हणतात, "हे झाकण नाही, गावचा दवंडीवाला आहे." म्हणोत बापडे. माझ्यामुळेच त्यांचं दूध वाचतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. चकचकीत पत्रा खाली, वरून धाडकन दणका, की झालो गोल! माझ्याबरोबर माझं पातेलंही जन्मलं. एका खोक्यात, एका कागदात गुंडाळून आम्ही दुकानात आलो. आमचं माप असं, की दोघांच्या मधून केस जायचा नाही. मला त्याचा काय गर्व होता म्हणून सांगू! शेजारच्या फळीवरच्या सैल झाकणांकडे बघून मी नाक मुरडायचो. नाक नव्हतं, तरी मुरडायचो.

तिथून आम्हाला ठमीच्या आईने आणलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत विचारत असते, "आता? आता स्पष्ट दिसतंय?" घरी आल्यावर मात्र स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. तिचे वडील, म्हणजे आजोबा, बँडमध्ये झांजा वाजवायचे. बँड सुटला, हात सुटले नाहीत. मला आणि तळणीच्या झाकणाला घेऊन ते अधूनमधून अशी काही झांज वाजवतात, की खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं जातं. माझी मूळची मूठ त्यातच गेली. मग आजोबांनी कपाटाच्या खणाची निळी मूठ काढून मला बसवली. तो खण तेव्हापासून सुरी खुपसून उघडावा लागतो, पण मी दिसतो झकास.

आणि ठमी. शाळेत नाव वेगळं आहे, घरात ठमीच. दोन वेण्या, एक दात पडलेला, आणि हट्ट असा की डोंगराने वाट बदलावी.

एक गोष्ट तेवढी पातेल्याच्या माघारी सांगतो. आमचं माप इतकं घट्ट होतं, तरी त्यात ओट्स रोज उतू जायचे. रोज! फस्सकन फेस यायचा, मी उडायचो, आई धावायची. सगळे ओट्सना बोल लावायचे. मीही लावायचो.

मग एक दिवस ठमीच्या बाबांचा फोन आला, की ते आता परत यायचे नाहीत. आई फोन कानाला लावून खिडकीशी उभी राहिली. गॅसवर आम्ही. मी खडखड करून करून थकलो. पाणी आटलं, ओट्स कोळसा झाले, पातेल्याचं बूड पार गेलं. पातेलं भंगारात गेलं आणि मी मागे राहिलो. माणसांचं एक बरं असतं, ती झाकण कधी फेकत नाहीत. "असू दे, कशाला तरी होईल," म्हणतात आणि ठेवून देतात. बघा तुमच्याही घरात, निदान एक तरी बिनपातेल्याचं झाकण निघेल. त्याला माझा नमस्कार सांगा.

मग मी काय काय झालो! कांदे ठेवायचं ताट झालो, ठमीच्या गाडीचं चाक झालो, तिच्या लढाईतली ढाल झालो. ओट्स आता एका अरुंद, उंच भांड्यात व्हायला लागले. त्यावर मी छत्रीसारखा लोंबायचो. दुसऱ्याच्या चपला घालून लग्नाला गेल्यासारखं वाटायचं.

पण रविवार! रविवारची सर कशालाच नाही. बाबा गेल्यानंतर घर फार गप्प झालं होतं, तेव्हा आजोबांनी हा खेळ काढला. रविवारी ओट्स चढवायचे, आणि प्रत्येकाने त्यात गुपचूप एक जिन्नस टाकायचा. ज्याची पाळी, तो ओरडणार, "पाठी फिरवा!" बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. मग खाताना ओळखायचं, कुणी काय टाकलं. मध, केळं, मनुका, एकदा तर ठमीने च्युइंगम टाकलं. काहीही निघो, नियम एकच, वाटी संपल्याशिवाय उठायचं नाही. आणि कुणी काय टाकलं ते आधीपासून फक्त मला ठाऊक! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी निळी मूठ त्याहून महाग.

आता कुलूपवाला.

एकदा आई किल्ली आत विसरून बाहेर अडकली. समोरच्या गल्लीतला कुलूपवाला आला. कुलूप चुटकीसरशी उघडलं, पण स्वारीचा पाय काही निघेना. पाणी झालं, चहा झाला, परत पाणी झालं. त्यानंतर आईच्या किल्ल्या जरा जास्तच हरवायला लागल्या. आजोबा मिशीत हसायचे.

ठमी मात्र हसली नाही. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. कुठलंही कुलूप उघडणारा तो माणूस, पण या एका तोंडाचं कुलूप त्याला काही उघडेना. काही सांगायचंच झालं तर आजोबांमार्फत. "आजोबा, त्यांना सांगा, त्यांचा पाय माझ्या स्टुलावर आहे." तो समोरच बसलेला! तोही शहाणा, म्हणायचा, "आजोबा, तिला सांगा, काढला पाय."

एकदा टेबलाखाली मला पोटाशी धरून ती पुटपुटली, "आपण तिघं बास आहोत. परत कुणी आलं, की परत कुणी जाणार." मी झाकण असून मला तिचं दुःख झाकता येईना हो. 

आणि त्याच आठवड्यात आई मला घासता घासता आजोबांना म्हणाली, "बाबा, मी त्याला स्पष्ट सांगितलंय. या रविवारी नाश्त्याला ये. नंतर मी ठमीला विचारणार, हा घरात चालेल का. ती नको म्हणाली तर नको. विषय संपला."

बोलता बोलता तिने मला इतकं घासलं, की माझ्यात तिचा चेहरा दिसायला लागला. तो काही "विषय संपला" म्हणत नव्हता. आणि दाराआडून डोकावणारी एक वेणीही माझ्यात दिसली.

रविवार उजाडला. कुलूपवाला आला. भांग पाडून, नवा शर्ट घालून, शर्टाची किमतीची चिठ्ठी मागे तशीच. खेळाचे नियम ऐकून मान डोलावली. त्याने कधीतरी जिन्यात आईला आणि आजोबांना बोलता बोलता सांगितलं होतं, की तो ओट्स मीठ घालून खातो. आणि आमचं घर तर सगळं गोडखाऊ!

"पाठी फिरवा!" आई म्हणाली. सगळे वळले. तिने मला उचललं आणि आत मीठ टाकलं. चांगलं चमचाभर. मनात म्हटलं, वा, पाहुण्याची आवड!

मग आजोबांची पाळी. त्यांनी पण मीठच उचललं! "बिचाऱ्याला आळणी नको लागायला," असं स्वतःशी म्हणत चिमूट घेतली. आजोबांची चिमूट म्हणजे झांजा वाजवणाऱ्या हाताची, दुसऱ्याची मूठ होईल.

कुलूपवाल्याने खिशातून खिळ्यांची डबी काढली. मी घाबरलो! पण डबी लख्ख धुतलेली, आणि आत बिया काढून बारीक चिरलेले खजूर. या घराला गोड आवडतं म्हणून! ते त्याने अलगद आत सोडले.

शेवटी ठमी. स्टुलावर चढली. एका हातात मी, दुसऱ्या हातात मिठाची बरणी. चमचा नाही हो, बरणी! ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. "खाऊ दे आणि जाऊ दे," असं पुटपुटत तिने बरणी पालथी केली. मला परत ठेवल्याबरोबर मी जीव तोडून खडखडलो. अरे धावा, घात झाला!

"शिजले वाटतं!" आजोबा खूश होऊन म्हणाले. घ्या! दवंडीवाल्याचं ऐकतं कोण?

वाट्या भरल्या. आईने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे चष्म्याबाहेर आले. तिला वाटलं, माझ्याच हातून जास्त पडलं. ती गप्प. आजोबांना वाटलं, ही माझीच चिमूट. तेही गप्प. ठमीला तर माहीतच होतं. आणि कुलूपवाला पाहुणा, तो काय बोलणार?

"छान झालंय," तो म्हणाला. दुसरा घास घेतला. कान लाल झाले. तिसरा घेतला. कपाळावर घाम. "खमंग आहे," म्हणाला, आवाज घोगरा. बाकीचे चमचे जागच्या जागी, आणि हा गडी एकेक घास गिळतोय. ठमी आधी चोरून बघत होती, मग सरळ बघायला लागली, मग तिचं तोंड उघडंच राहिलं. वाटी तळाला आली, त्याने शेवटचा चमचा उचलला...

"खोटं बोलताय तुम्ही!" ठमी किंचाळली. "छान नाहीये! ठेवा तो चमचा! आजारी पडाल ना!"

 ठमी बोलली! आजोबांमार्फत नाही, थेट!

कुलूपवाला तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. मग म्हणाला, "खरं सांगू? समुद्र प्यायल्यासारखं वाटतंय."

"मग खाल्लंत कशाला?"

"वाटी संपल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम आहे ना तुमचा?"

"सांगायचं ना मग. उठून जायचं."

"मला उठायचं नव्हतं," तो म्हणाला.

ठमीने त्याची वाटी स्वतःकडे ओढून घेतली. तेवढ्यात आजोबांना राहवेना. "माझं चुकलं, मीठ मी टाकलं!"

"नाही हो बाबा, मी टाकलं!" आई म्हणाली.

"मी टाकलं," ठमी म्हणाली, अगदी हळू. "बरणी. मुद्दाम."

 मग कुलूपवाला खोखो हसत सुटला, आजोबांनी मांडीवर थाप मारली, आई हसता हसता खाली फरशीवरच बसली. ठमी रडत होती आणि हसतही होती, पडलेल्या दाताच्या जागेतून शिट्टी वाजत होती.

"पण अन्न टाकायचं नाही!" आजोबांनी फर्मान काढलं. वाट्यांतलं सगळं परत भांड्यात आलं. खारट आहे? टाका दूध. पातळ झालं? टाका ओट्स. अजून खारट? केळी कुस्करा! मध ओता! अरुंद भांडं गळ्यापर्यंत आलं, उतू जाऊन गॅस विझला, मी घरंगळत थेट दारापर्यंत.

"थांबा!" कुलूपवाला म्हणाला आणि चपला न घालताच धावला. घरून आपलं पातेलं घेऊन आला. चांगलं थोरलं, जाड बुडाचं. जिन्यात त्याचा पाय घसरला आणि पातेलं खण खण खण करत खालपर्यंत गेलं. मजल्यामजल्यावर दारं उघडली. "काय पडलं? काय पडलं?" पातेलं वर आलं तेव्हा त्याची कड एका बाजूने चेपली होती.

"याला झाकण नाही," तो धापा टाकत म्हणाला. "कधीच हरवलं."

माझ्या पत्र्यातून कळ गेली हो! ठमीने मला दारातून उचललं, पुसलं आणि त्याच्यावर ठेवलं. एका बाजूला बसलो, चेपलेल्या बाजूला वर राहिलो. फट पडली. आईने दाबून बघितलं, फिरवून बघितलं. "नाही बसत गं," ती म्हणाली. माझा जीव टांगणीला.

"असू दे तसंच," ठमी म्हणाली. "तिरकं."

उकळी आली. मी डोळे मिटले, आता उडणार! फेस वर आला, फटीतून वाफ सुर्रकन बाहेर गेली, आणि फेस मुकाट्याने खाली बसला. परत वर आला, परत बसला. उतू गेलं नाही! एवढी वर्षं मी घट्ट मापाचा तोरा मिरवला, आणि उतू जात होतं ते माझ्या त्या घट्टपणामुळेच. माझी मला इतकी लाज वाटली आणि इतकं हसू आलं, की मी नाचायलाच लागलो.

वरून भाजलेले शेंगदाणे, किसलेलं चीज, चिमूटभर मिरपूड. आईने भीत भीत चाखलं. आधी गोड, खजूर मऊ, मग मागून मीठ हळूच यायचं. "अगं बाई!" ती म्हणाली आणि कुणालाही न विचारता दुसरा चमचा घेतला. इतकं झालं होतं, की जिन्यात "काय पडलं" विचारणाऱ्या सगळ्यांना वाट्या गेल्या. खालच्या काठीवाल्या मावशींनी तर दोनदा मागून घेतलं.

भांडी घासून झाली. आई ठमीसमोर बसली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि कुलूपवाल्याकडे बघितलं. कुलूपवाल्याला वाटलं, आपण असताना कसं विचारणार, म्हणून त्याने निघण्यासाठी आपलं पातेलं उचललं. ठमीने दुसऱ्या बाजूने कड धरली.

"हे इथेच राहू दे."

"मग मी दुपारी भात कशात करू?"

"इथेच करा की. तुम्ही पातेलं नेलंत, तर झाकणाने काय करायचं?" आणि मग, आईकडे बघत, "विचारायचं होतं ना तुला? हो. आता दिसतंय का स्पष्ट?"

आईला काही दिसत नव्हतं. चष्मा डोक्यावर होता आणि डोळे भरलेले. आजोबांनी मला आणि तळणीच्या झाकणाला उचलून अशी झांज वाजवली, की बस्स! त्या दिवशी खालून काठी आली नाही.

आता घरात चार खुर्च्या आहेत. एक जरा डुगडुगते, ती कुलूपवाल्याची. माझा पत्रा पातळ झालाय, निळ्या मुठीचा टवका उडालाय, पण जागा पक्की आहे. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं, घरात एखादं झाकण बसत नाही म्हणून टाकायला निघालात, तर आधी एकदा तिरकं ठेवून बघा.

चला, उकळी फुटली, खेळ सुरू झाला. ऐकलंत ना? ठमी ओरडतेय, "पाठी फिरवा!" अहो, बघत काय उभे राहिलात? तुम्हीसुद्धा!