फिल्मवर उमटलेली ऊर्जा

परदेशात, सेरंगूनमधल्या त्या फ्लॅटबाहेर सत्संगाला आलेल्यांच्या चपलांचा ढीग थेट लिफ्टपर्यंत गेला होता. आत भिंतीवर चार फोटो, चारही मी काढलेले. प्रत्येकात भक्ताच्या अंगावरून एक पांढरी लाट गेलेली.

"डिजिटल कॅमेरा नुसते आकडे टिपतो, फिल्म प्राण टिपते!" आमचे गुरू श्रीनिवासजी सांगत होते. "ही माझी ऊर्जा!"

त्यातलं पहिलं वाक्य माझंच. दहा वर्षं डिजिटल वापरून मी नुकताच फिल्मकडे परतलो होतो आणि भेटेल त्याला हे ऐकवत होतो. सत्संगाचे फोटोही त्याच हौसेनं काढले. लाट कशी आली ते मला कळलं नव्हतं. पण गुरूंशेजारी बसायला मिळत होतं, म्हणून गप्प राहिलो.

मनोहरकाका उठले. निवृत्त मरीन इंजिनियर. त्यांच्या फोटोत लाट बरोबर छातीवर होती.

"हृदयातला अडथळा गेला म्हणतात गुरुजी. सोमवारचं ऑपरेशन रद्द केलं मी."

टाळ्या झाल्या. मी तडक उठून निघालो.

घरी बायकोला, रुचिराला, सगळं सांगितलं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. निगेटिव्ह खिडकीशी धरून तिनं विचारलं, "रोल कुठून आणलास?"

"पुण्याहून. इकडे येताना, हातातल्या बॅगेत."

"म्हणजे विमानतळाच्या स्कॅनरमधून! आणि जगाला फिल्म शिकवतोस?"

दुसऱ्या दिवशी ती सत्संगात उभी राहिली. "याच रोलवरचा हा फोटो हॉकर सेंटरमधला, खाण्याच्या गाळ्यांवरचा. टांगलेल्या कोंबड्यांवरही लाट आहे. त्यांनाही अनुग्रह झाला का?"

"जीवमात्रात ऊर्जा असते, ताई."

"भाजलेल्यासुद्धा?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. रुचिरानं निगेटिव्हची पट्टी काकांच्या हातात दिली. "इथे लाट काळी दिसते. दोन फोटोंमधल्या रिकाम्या जागेवरूनही ती सलग गेलीय. शेवटचा तुकडा तर कोराच राहिला, तिथेही आहे. बॅगा तपासणाऱ्या स्कॅनरचे एक्स-रे गुंडाळलेल्या फिल्मवर पडले की असे पट्टे उमटतात."

काकांनी चष्मा लावून पट्टी बराच वेळ न्याहाळली.

"श्रद्धा नसेल तर असंच दिसतं," श्रीनिवासजी म्हणाले.

"इंजिनातला साधा आवाज मी कधी तपासल्याशिवाय सोडला नाही," काका पुटपुटले, "आणि स्वतःच्या छातीचं असं केलं!" ते हॉस्पिटलला फोन लावायला बाहेर गेले. मी मागोमाग जाऊन माफी मागितली.

ऑपरेशन शुक्रवारी झालं. काका बरे आहेत. श्रीनिवासजींचा सत्संगही चालू आहे. फोटो तेवढे उतरवले.

मंडळी, चमत्काराचे चार फोटो कुणी दाखवले तर अख्खा रोल बघायला मागा. आणि ज्याला शंका आली आहे त्यानं गप्प बसू नये. मी बसलो होतो. एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती.