झाकणासहित

माणूस चाकामुळे पुढे गेला, विस्तवामुळे पुढे गेला, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माणूस पुढे गेला तो लेखी सूचनांमुळे. विस्तव कुणा एकाला सापडला असेल, पण ‘हात लावू नये’ हे त्याने दुसऱ्याला कळवलं म्हणून आपण सगळे आज इथे आहोत.

हे मी माझ्या निवृत्तीच्या समारंभात म्हणालो. टाळ्या पडल्या. मग फुलांचा गुच्छ बायकोच्या हातात देऊन मी ऐटीत सभागृहाबाहेर पडायला निघालो आणि चांगलं पाऊण मिनिट दार ढकलत राहिलो. दारावर ‘ओढा’ अशी पाटी होती. पाटी आमच्याच विभागाने करून दिलेली, मजकूर माझा. बायको गुच्छ घेऊन शांतपणे मागे उभी होती. शेवटी शिपायाला माझी दया आली.

“तुला पाटी दिसली नव्हती का?” मी जिन्यात विचारलं.

“दिसली की,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

या वाक्याला आमच्या घरात बावीस वर्षं झाली. ते आलं कुठून हे सांगायचं तर कॉफीच्या यंत्रापासून सुरुवात करायला हवी.

घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी माहितीपुस्तिका लिहायचो. खोक्यात सगळ्यात वर असते आणि खोकं उघडल्यावर सगळ्यात आधी बाजूला पडते, ती. इस्त्री, पंखा, मिक्सर, पाणी तापवायची किटली, असं माझं समग्र वाङ्मय आहे. ते लाखो घरांत पोचलं आणि कुणीही वाचलं नाही. लिहिणाऱ्याला याहून निवांत आयुष्य मिळत नाही.

मला वाचक एकच होती. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. कृतीत लिहिलेलं नाही ते एखाद्या मुलाने केलं की हात भाजतो, हे तिने रोज पाहिलेलं. त्यामुळे ती लिहिलंय तेवढंच करायची आणि लिहिलंय ते सगळं करायची. माझा प्रत्येक कच्चा मजकूर ती पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसून वाचायची, मग उठून उपकरण तसंच चालवून बघायची. पंख्याच्या पुस्तिकेत पंखा बंद कसा करावा हे मी लिहिलंच नव्हतं, ते तिने दाखवून दिलं. इस्त्रीच्या वेळी मी विचारलं, कपडे आधी अंगातून काढावेत हेही लिहू का? ती म्हणाली, नको, लोकांवर एवढा विश्वास टाकू या. आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. त्या काळी आम्ही पुष्कळ हसायचो. ते लिहून ठेवायची गोष्ट आहे असं तेव्हा वाटलं नाही.

मग कंपनीने कॉफीचं यंत्र काढलं. मागे पाण्याची टाकी, पुढे वरच्या बाजूला कागदी गाळणीत कॉफीची पूड, खाली तापणारी चकती आणि तिच्यावर काचेचं भांडं. पाणी तापून पुडीवर पडतं, कॉफी थेंबाथेंबाने भांड्यात उतरते. साधा मामला. आमचे विभागप्रमुख घाईत होते, आणि त्यांच्या हाताखालची मोठी जागा त्या महिन्यात भरायची होती म्हणून मी त्यांच्याहून घाईत होतो. मी आकृती समोर ठेवून एका दुपारी पुस्तिका लिहिली. यंत्र चालवून बघितलं नाही. बायकोला वाचायला दिली नाही. छापून आलेली पहिली प्रत आणि नमुन्याचं यंत्र एकदमच घरी आणलं, आणि त्या रविवारी विभागप्रमुखांना नि कचेरीतल्या चौघांना कॉफीला बोलावलं.

पाहुणे येण्याआधी बायकोने यंत्र लावून पाहिलं. पुस्तिकेप्रमाणे. सातवी सूचना होती, ‘काचेचे भांडे चकतीवर ठेवावे.’ तिने ठेवलं. भांड्याचं झाकण काढून ठेवलं, कारण कॉफी आत पडायची तर झाकण कशाला? कुणीही काढेल. पण ते झाकणच वरची बारकी झडप दाबून उघडतं. झाकण नाही तर झडप बंद, झडप बंद तर पाणी वर तुंबतं, आणि मग गरम पाणी, पूड, सगळं ओट्यावरून खाली. तिने ओटा पुसला, फरशी पुसली, पुन्हा लावून बघितलं आणि कारण शोधून काढलं.

पाहुणे बसले होते. ती पदराला हात पुसत बाहेर आली, हातात पुस्तिका, कानावर पेन्सिल. नेहमीसारखंच म्हणाली, “अहो, सातव्या सूचनेत ‘झाकणासहित’ असं हवं बरं का. नाहीतर सगळं ओट्यावर येतं.”

विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. छपाई होऊन गेली होती. मी म्हणालो,

“अगं, ही पुस्तिका सर्वसाधारण बुद्धीच्या माणसासाठी आहे. तुझ्यासाठी वेगळी काढायला सांगतो. चित्रांची.”

सगळे हसले. विभागप्रमुख तर मांडीवर थाप मारून हसले. बायकोही हसली, थोडंसं, पाहुण्यांपुरतं. मग आत जाऊन तिने उत्तम कॉफी करून आणली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा पेन्सिल खणात ठेवलेली होती, आणि यंत्र खोक्यात.

महिन्याभरात तक्रारींची पत्रं यायला लागली. एकाच्या ओट्यावरून पाणी खाली जाऊन खालच्या बिऱ्हाडाशी त्याचं बोलणं बंद झालं होतं. एका निवृत्त न्यायाधीशांनी आठ पानं लिहिली होती, मुद्देसूद. विभागप्रमुखांनी मला बोलावलं. मी दोन दिवस विचारात असल्याचा चेहरा केला आणि दुसऱ्या आवृत्तीत सातव्या सूचनेत एक शब्द वाढवला, जाड अक्षरांत. तक्रारी थांबल्या. एका शब्दात प्रश्न सोडवल्याबद्दल मला कंपनीचं प्रशस्तिपत्र मिळालं, आणि ती मोठी जागाही. प्रशस्तिपत्र मी चौकट करून दिवाणखान्यात लावलं.

बायकोला सांगायचं त्याच संध्याकाळी ठरवलं होतं. त्या संध्याकाळी अभिनंदनाला लोक आले. मग रविवारी सांगू म्हटलं. रविवारी मुलीला ताप होता. असे आठ-दहा रविवार गेले, आणि शिळी झालेली कबुली ताटात वाढायला माणसाला लाज वाटते. मी गप्प बसलो. तीही. म्हणजे बोलायची सगळं, भाजी, वीज, मुलीची परीक्षा, शेजाऱ्यांचा कुत्रा. फक्त त्या दिवसापासून तिने माझी एकही चूक काढली नाही.

एकदा आम्ही चाळीस मिनिटं उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून होतो. ती खिडकीशी होती, तिला पहिल्या थांब्यालाच कळलं होतं. एकदा मी एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या भाषणात सलग वीस मिनिटं त्याच्या भावाचं नाव घेतलं; ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मुलीच्या पदवीच्या फोटोत माझा स्वेटर उलटा आहे. दर वेळी तेच, मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. माझे मजकूर ती अजूनही वाचायची, हात मागे बांधून, आणि म्हणायची, “छान झालंय.” मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस लेका, आमच्या घरी तर श्वास घेतला तरी दुरुस्ती सुचवतात. मीही मान डोलवायचो. यालाच संसारसुख म्हणतात असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात ती पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. सकाळची कॉफी तिच्या हातची असायची, पातेल्यात उकळून फडक्याने गाळलेली. आता ती माझ्यावर आली. मुलीने फोनवर विचारलं, बाबा, तुम्हाला कॉफी करता येते तरी का?

“मी कॉफीची पुस्तिका लिहिलीय,” मी म्हणालो.

“ते नाही विचारलं,” मुलगी म्हणाली. ती आईवर गेली आहे. म्हणजे, जुन्या आईवर.

पातेलं नि फडकं मला झेपेना, म्हणून मी माळ्यावरून ते यंत्र काढलं. खोक्यात सगळ्यात वर पुस्तिका होती. पहिली आवृत्ती. सातव्या सूचनेशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘झाकणासहित?’ पुढे प्रश्नचिन्ह. तिला खात्री होती, तरी प्रश्नचिन्ह.

मी स्टुलावर बसलो आणि पान उलटलं. बावीस वर्षांत हे पान मी उलटलंच नव्हतं. नवव्या सूचनेशी खूण होती, अकराव्याशी होती, सफाईच्या भागात दोन होत्या. सगळ्या बरोबर. आणि शेवटच्या पानावर, जिथे मी कंपनीला न विचारता ‘कॉफी गरम असतानाच आणि शक्यतो कुणाबरोबर तरी प्यावी’ असं घुसडून दिलं होतं, तिथे खाली लिहिलं होतं: ‘हे फार आवडलं. तेवढं झाकणाचं बघा.’

मी पुस्तिका मिटून पुन्हा उघडली. मजकूर तोच होता.

त्या रात्रभर... असं काही मी लिहिणार नाही, मी नेहमीसारखाच झोपलो. पण सकाळी उठलो तो एक बेत ठरवून. मला तिच्याकडून एक चूक काढून घ्यायची होती. एकच. मग बाकीचं बोलता येईल, असा हिशेब.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली, समोर पेपर पसरलेला. मी यंत्र ओट्यावर मांडलं. टाकीत पाणी भरलं. गाळणीत पूड घातली. मग काचेचं भांडं उचललं, त्याचं झाकण काढलं, ते तिला नीट दिसेल असं टेबलावर तिच्या चष्म्याशेजारी ठेवलं, आणि बोडकं भांडं चकतीवर ठेवून दिलं. तिने झाकणाकडे पाहिलं. भांड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

मी बटणावर बोट ठेवून थांबलो. इतका थांबलो की शेजाऱ्यांचा कुत्रा दोनदा भुंकला. तिने पेपरचं पान उलटलं. मी बटण दाबलं.

यंत्र घुरघुरायला लागलं. वाफ आली. मग वरून पाणी यायला लागलं, पुडीसकट, आधी यंत्राच्या अंगावरून, मग ओट्यावरून, मग माझ्या चपलांवर. तिने डाव्या हाताने पेपर उचलून मांडीवर घेतला.

“तुला दिसत होतं ना?” मी म्हणालो.

“दिसत होतं की.” ती पेपरची घडी घालत होती. एका हाताने ती जमत नव्हती. “पण तुम्हीच लिहिलंय. मला वाटलं...”

“झाकणाचा शब्द तुझा होता,” मी म्हणालो. “मी तो तुझ्याकडून घेतला आणि कुणाला सांगितलं नाही.”

ओट्यावरून थेंब पडत होते.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “जाड अक्षरांत छापला होता.”

“ते प्रशस्तिपत्र...”

“रोज पुसते की मी.”

ती हे टोचून म्हणाली नाही. टोचून म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला ते लागलं असतं आणि संपलं असतं. ती साधं सांगत होती, दिवाणखान्यात काय काय पुसते ते. मी म्हणालो, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. ती म्हणाली, हो. एवढंच. नाही म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. बावीस वर्षांनंतर माणूस क्षमेची नसली तरी निदान भांडणाची अपेक्षा करतो. तिच्याकडे त्यातलं काही शिल्लक नव्हतं. तिने ते केव्हाच, माझ्या नकळत, थोडं थोडं करून संपवलं होतं.

मी ओटा पुसला. फरशी पुसली. चपला उन्हात ठेवल्या. खणातून पेन्सिल शोधून काढली. तिचं टोक तेव्हाचंच होतं. ती मी पुस्तिकेवर ठेवली, आणि पुस्तिका तिच्यासमोर. तिने हात लावला नाही, हातच प्लास्टरमध्ये होता.

मग मी दुसऱ्यांदा यंत्र लावलं. सातव्या सूचनेत तिने सांगितलेलं, नवव्यात सांगितलेलं, अकराव्यात सांगितलेलं, सगळं तिच्या खुणांबरहुकूम केलं. भांडं झाकणासहित ठेवलं. कॉफी थेंबाथेंबाने खाली उतरली, काळीभोर. पूड किती घालायची हे मात्र पुस्तिकेत कुठेच नव्हतं, माझ्या मजकुरात नाही आणि तिच्या खुणांतही नाही. मी अंदाजाने घातली होती.

दोन कप भरले. एक तिच्या डाव्या हाताशी ठेवला. गरम असतानाच, आणि कुणाबरोबर तरी.

मी माझा घोट घेतला आणि गिळताना चेहरा तसाच ठेवायला मला बरेच कष्ट पडले. ती घोट घोट घेत राहिली, खिडकीबाहेर बघत. मी वाट बघत होतो. आयुष्यात इतकी वाट मी कुठल्याच निकालाची बघितली नव्हती, त्या मोठ्या जागेचीसुद्धा नाही.

“कशी झालीय?” शेवटी मी विचारलं.

तिने कप खाली ठेवला. पदराच्या टोकाने ओठ टिपले.

“छान झालीय,” ती म्हणाली.

मी उठलो. कप उचलले, नळाखाली धरले. काही विचारण्यासारखं उरलं नव्हतं. पाणी वाहत होतं, त्यामुळे तिचा आवाज मला आधी नीट ऐकूच आला नाही. मी नळ बंद केला.

“काय म्हणालीस?”

ती पेपर पुन्हा टेबलावर पसरत होती.

“उद्या चहा करा,” ती म्हणाली. “आणि वाचून नको.”