चतकोर गोळीचा संशय

मित्रांनो, मी गोळ्या कापायची एक जुनी डबी आहे. मी तळहातावर मावते. माझ्या झाकणात पातं बसवलेलं आहे. गोळी खाचेत ठेवून झाकण दाबलं की तिचे दोन तुकडे होतात. एका प्लास्टिकच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि माझ्यासारख्याच चाळीस बहिणींबरोबर मी दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या जोंग्नो रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानात आले. टक्कल पडू लागलेले पुरुष त्या रस्त्यावर लांबलांबून येतात. डोक्यावर टोपी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि नजर चोरासारखी.

मुन ग्यू-हानही तसाच आला. सोलजवळच्या सुवोन गावात त्याचा ओळखपत्रांचे फोटो काढायचा स्टुडिओ होता. गिऱ्हाइकांच्या विरळ भांगात तो संगणकावर केस भरून द्यायचा, पण स्वतःच्या भांगापुढे त्याचं काही चालत नव्हतं. त्याने डॉक्टरांकडून फिनास्टेराइडच्या मोठ्या गोळ्या लिहून घेतल्या होत्या. त्या खरं तर म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटच्या त्रासावरच्या. केसांना त्यांचा जेमतेम चतकोर पुरतो, म्हणून पुष्कळ जण त्या आणून कापतात.

दुकानाच्या मालकीण चूबाई म्हणाल्या, "केसांसाठी छोटी तयार गोळी मिळते की. ही कापाकापी कशाला?"

"सगळे कापतात, चूबाई."

"मग निदान औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद नीट वाच. घरात बाईमाणूस असेल तर..."

पण त्याचं लक्ष दाराकडे होतं. कोणी ओळखीचं बघत तर नाही ना? त्याने मला खिशात टाकलं. आतला कागद त्याने स्टेशनवरच फेकून दिला.

त्याच्या घरी माझी जागा होती बुटांच्या कपाटात, थंडीच्या बुटाच्या आत. बायको कामावर गेली की तो मला बाहेर काढायचा. मी मन लावून काम केलं. पण खरं सांगते, माझ्याकडून गोळीचे चार तुकडे कधीच सारखे पडले नाहीत. तो प्रत्येक तुकडा उजेडात धरायचा. "आज कमी आली वाटतं," असं पुटपुटत माझ्याकडे रोखून बघायचा. पहिल्या दोन महिन्यांत केस उलट जास्तच गळले. मग त्याला माझा संशय, गोळीचा संशय, उशीचाही संशय.

एका रविवारी त्याचा लहानपणचा मित्र दो-योल आला. तो टॅक्सी चालवायचा. ग्यू-हानने मला बाहेर काढून दाखवलं, तर त्याने ऐटीत आपली कॅप्सूल दाखवली.

"ही ड्युटास्टेराइड. कापायची भानगड नाही, आणि जोर जास्त."

"जोर जास्त तर त्रासही जास्त असेल."

"तू तर प्यायच्या पाण्यावरही संशय घेशील!"

"मग परवा रक्तदानाला का नाही आलास?"

दो-योलने डोकं खाजवलं. "ही बंद केली तरी सहा महिने रक्त द्यायचं नाही म्हणतात. अंगातून लवकर जात नाही."

"माझी महिन्याभरात जाते."

"हो, आणि पाठोपाठ केसही!"

दोघे हसले. पण हसता हसता दोघांनीही एकमेकांच्या टाळूकडे चोरून बघितलं, ते मी पाहिलं.

पुढे ग्यू-हान उदास राहू लागला. बायकोपासून दूर दूर बसायचा. गोळीमुळे की गोळीच्या भीतीमुळे? मी त्याच्या इतक्या जवळ होते, पण मलाही ते कळलं नाही. त्याची बायको ही-जू सगळं टिपत होती. सारखा आरसा, नवी टोपी, शनिवारी सोलच्या फेऱ्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी छत्री शोधताना तिच्या हाताला मी लागले. तिने झाकण उघडलं. आत पांढरा भुगा दिसला. तिने त्यात बोट घातलं आणि वास घेतला. शेजारीच औषधाची पिशवी होती, तिच्यावर दुकानाचं नाव होतं. ती मला घेऊन तशीच गाडीत बसली आणि चूबाईंपुढे उभी राहिली.

"हे काय आहे? माझा नवरा काय खातो?"

चूबाईंनी माझ्यातला भुगा पाहिला, मग तिचं बोट. "आधी हात धुवा. साबण लावून. मग सांगते."

हात पुसत ही-जू परत आली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "दिवस गेलेत का?"

ही-जूने मानेनेच हो म्हटलं. नववा आठवडा होता. नवऱ्याच्या वागण्याचा भरवसा वाटेना, म्हणून तिने त्याला अजून सांगितलं नव्हतं.

"पोटात मुलगा असेल तर हा भुगा त्याच्या वाढीला बाधू शकतो," चूबाई म्हणाल्या. "एकदा बोट लागलं म्हणजे काही झालंच, असं नाही. पण तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा."

संध्याकाळी तिने मला जेवणाच्या टेबलावर, पिशवीत बांधून ठेवलं.

"मला वाटलं होतं, दुसरी कोणी बाई असेल. निघाली ही!"

"केसांसाठी आहे गं," ग्यू-हान म्हणाला. "सांगायची लाज वाटली."

"टकलाची लाज वाटली तुला. आणि पोटात बाळ असताना मी त्यात बोट घातलं, त्याचं काय?"

त्याने पिशवी झटकन तिच्यापासून दूर ओढली.

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, पण छातीठोक कोणी काही बोलेना. ग्यू-हानने केसांच्या डॉक्टरांना मित्राच्या कॅप्सूलबद्दलही विचारलं, तेव्हा त्यांनी बजावलं, "दोन्ही औषधं एकाच जातीची. कॅप्सूलने काहींना जास्त गुण येतो, पण ती अंगात रेंगाळते, आणि फुटली तर तीही बायकोने शिवायची नाही. छोटी गोळी अख्खी असली की आवरणामुळे भुगा उडत नाही. आणि उदास वाटत होतं, तर तेव्हाच का नाही आलात?" ग्यू-हानने सगळंच बंद केलं. मी पिशवीत पडून राहिले. दर तपासणीनंतर तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचायचा, जणू कोणीतरी काहीतरी लपवतंय.

नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला. सगळी तपासणी झाली. बाळ धडधाकट होतं.

थंडी ओसरल्यावर तिघे जोंग्नोला आले. चूबाईंच्या दुकानात जुनी औषधं टाकायची एक पेटी आहे. मला आणलं होतं ही-जूने स्वतः. ग्यू-हान मला टाकून देईल, यावर तिचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. चूबाईंनी बाळाची टोपी जरा वर केली. खाली लख्ख गोटा!

ही-जू नवऱ्याकडे वळली. "आता याला कुठली गोळी देतोस?"

ग्यू-हान खूप दिवसांनी मोकळेपणी हसला. त्याने स्वतःचीही टोपी काढली.

मित्रांनो, मी आता या पेटीच्या तळाशी आहे. कापणं एवढंच मला येत होतं, ते मी केलं. तुमच्या घरात कोणी औषध लपवून घेत असेल, तर त्याला हसू नका; जवळ बसून विचारा. आणि कुठे अनोळखी पांढरा भुगा दिसला, तर त्यात बोट घालू नका, घरच्या मोठ्या माणसाला हाक मारा.