वहिनी झोपल्याशिवाय गोळी नाही

शिंपी मास्तरांनी सदरा काजवालीच्या तोंडासमोर फडकवला.

"ही दोन्ही पट्ट्यांना काजं! बटणं काय गिऱ्हाइकाच्या पोटाला लावू?"

  काजं करता करता तिला डुलकी लागली आणि हात चालतच राहिला. अख्खा गठ्ठा वाया घालवला होता तिने.

"पुढच्या खेपेला घरीच झोप," मास्तर म्हणाले, "तिकडे कापड फुकट जात नाही."

घरी झोपता आलं असतं तर रडायचंच काय होतं! तिला एचआयव्ही होता. दादा-वहिनींना ठाऊक नव्हतं. गोळी रोज रात्री घ्यायची, ती वहिनी झोपल्यावर, चोरून. आणि वहिनी मोबाईलवर मालिका लावून बसायची. मालिकेतली सासू सुनेला छळायची आणि ही बाई इकडे हिला. एक भाग संपला की दुसरा. काजवाली डोळे मिटून, कान टवकारून पडलेली. घोरणं ऐकू आलं की उठायची, बटणांच्या डब्यातून गोळी काढायची. तोवर झोप कुठल्या कुठे पळालेली.

एचआयव्हीच्या औषधाच्या केंद्रात झोपेवर बोलायला एक मॅडम आल्या. चांगल्या झोपून आलेल्या दिसत होत्या.

"मोबाईल बाजूला ठेवा. पाय कोमट पाण्यात बुडवा. मन मोकळं करा!"

मागून एक ट्रकवाला म्हणाला, "केलं होतं मॅडम. घरमालकाने खोलीपण मोकळी करून घेतली."

सगळे फिदीफिदी हसले. मॅडमही हसल्या, त्यांना वाटलं विनोद आहे.

काजवालीने हात वर केला. "माझी वहिनी लवकर झोपत नाही."

"मग त्यांना सांगा ना, पाय बुडवायला!"

काजवालीचं डोकंच सणकलं. आता वहिनीचे पाय धुवायचे, तेव्हा कुठे आपण झोपायचं? केंद्रातून निघाली ती फणफणतच.

त्या दिवशी दिवेलागणीलाच जेवणं उरकत आली. वहिनी मोबाईल शोधत होती. काजवालीने बटणांचा डबा आणला, ताटाशेजारी आपटला, गोळी काढली आणि सगळ्यांदेखत गिळली.

"कसली हो गोळी, वन्सं?"

"एचआयव्हीची. रोज घेते. आजपासून याच वेळी घेणार."

दादाचा घास हातातच राहिला. वहिनीने पदर नाकाला लावला, जसा काही वासच आला.

"अगंबाई! एका ताटात जेवतो आपण! आम्हाला काही..."

"ताटातून होत नाही वहिनी. टोमण्यांतूनही होत नाही, नाहीतर तुमच्यामुळे कधीच खपले असते."

"अगं, हळू बोल, शेजारी ऐकतील," दादा पुटपुटला.

"ऐकू देत. मला झोपायचंय."

आणि खरंच आडवी झाली. वहिनीने भांडी आदळली, दादाला फैलावर घेतलं, माहेरी जायची धमकी दिली. काजवालीने कूस बदलली. बस.

सकाळी उठली तर वहिनी मोरीपाशी, डोळे लालभडक. कपबश्या घासघासून फळीवर उलट्या मांडलेल्या. काजवालीचा कप मात्र वेगळा, खिडकीत.

"झोपला नाहीत?" काजवालीने विचारलं.

"झोप कसली येतेय! आणि तुम्ही खुशाल घोरत होतात!"

काजवालीने फळीवरचा कप घेतला, चहा ओतला, उभ्यानेच प्यायली. वहिनी बघत राहिली. मग काजवाली दुकानात गेली आणि मास्तरांनी पुढे टाकलेल्या सदऱ्याच्या डाव्या पट्टीला, फक्त डाव्याच, काजं करायला बसली.