स्टिअरिंगवरची झोप

ड्रायव्हरच्या बायकोने वकीलबाईंचा चष्मा नाकावर चढवला, त्यांच्याच खुर्चीत ऐसपैस बसली आणि टेबलावर थाप मारली.

“बोला! गाडी चालवताना झोप लागली होती?”

समोर उभ्या नवऱ्याच्या टाचा आपोआप जुळल्या. “होय, साहेब!”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. “काका, ‘नाही’ म्हणायचंय. उद्या लष्करी न्यायाधिकरणात न्यायमूर्तींच्या शेजारी खरेखुरे निवृत्त जनरल बसलेले असतील.”

“घरी बरं जमतं ‘नाही’ म्हणायला,” बायको म्हणाली. “दळण आणा म्हटलं की नाही, पंखा पुसा म्हटलं की नाही.”

लष्कराचा ट्रक उलटून त्याचा उजवा गुडघा कायमचा निकामी झाला होता. पण झोप लागली, चूक माझीच, असा जबाब त्याने तेव्हा स्वतःच सही करून दिला होता. त्या निष्काळजीपणाच्या शेऱ्यावर बोट ठेवून अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं गेलं. आता मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरने प्रतिज्ञापत्र दिलं होतं. त्या रात्री सरावात कॅप्टनने परवानगी नसताना दिवे बंद करून गाड्या हाकायला लावल्या होत्या. केस भक्कम होती. आता ज्याची केस, त्यानेच तेवढं तोंड उघडायचं होतं.

बायकोला हे सगळे वकिली डावपेच वाटत होते. झोपेबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. नवरा वर्तमानपत्र वाचता वाचता पेंगला, की ती चारचौघांत ओरडायची, “ड्रायव्हर, ब्रेक लावा!” पाहुणे हसायचे. तोही हसायचा.

“पुन्हा एकदा,” वकीलबाई म्हणाल्या.

“झोप लागली होती?”

“होय, साहेब!”

बायको वैतागली. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, काय हे? खरंच लागली होती का झोप?”

“नाही,” तो म्हणाला.

तिचा हात चष्म्यावरच राहिला.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“कॅप्टनसाहेब नवखे होते. त्यांची नोकरी गेली असती. शब्द दिला होता.”

“मला सांगायचं होतं!”

“तू कधी विचारलंस? तू तर चिडवायचीस.”

ती खुर्चीतून उठली आणि वकीलबाईंना म्हणाली, “उद्या मी यांच्यासमोर बसते. जनरल दिसणारच नाहीत यांना.”

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच साक्षीदाराच्या जागेसमोरच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली. जनरलसाहेबांचा आवाज भारदस्त होता.

“गाडी चालवताना तुम्हाला झोप लागली होती?”

ड्रायव्हरच्या टाचा जुळल्या. गुडघ्यातून कळ गेली असावी, कारण त्याचा ओठ दाबला गेला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, नुसती बघत राहिली.

“नाही, साहेब.”

“मग तसा जबाब का दिलात?”

“त्या वेळी तेच बरोबर वाटलं, साहेब. दिवे बंद होते. वळण दिसलं नाही.”

कॅप्टनचं नाव त्याने तेव्हाही घेतलं नाही. नाव प्रतिज्ञापत्रात होतंच. जनरलसाहेबांनी ते शेजारच्या न्यायमूर्तींपुढे सरकवलं आणि म्हणाले, “खुर्ची द्या त्यांना.”

निकाल दुपारीच झाला. निष्काळजीपणाचा शेरा रद्द झाला, पेन्शन मंजूर झालं. वकीलबाई आदेशाची प्रत आणायला गेल्या आणि दोघं बाहेरच्या बाकावर टेकली. ड्रायव्हरने पाय लांब केला. जरा वेळाने त्याची मान तिच्या खांद्यावर कलली.

शिपाई फायली घेऊन समोरून जात होता. तो थांबून हसला.

“काय काकू, काका झोपले वाटतं?”

“नाही,” ती म्हणाली. “डोळे मिटलेत नुसते.”

आणि त्याचा घोरण्याचा आवाज वाढू लागला तशी ती मोठमोठ्याने खोकत राहिली.